ट्यूडर-स्ट्युअर्ट राजदरबाराचा इतिहासकार व्हायचंय? मग सुरुवात अशी करा

१५८३ साली जॉन न्यूबरी आणि राल्फ फिच हे दोन इंग्रज व्यापारी होर्मुझला पकडले गेले. पोर्तुगीजांनी त्यांना गोव्याच्या तुरुंगात आणलं. राणी पहिल्या एलिझाबेथने या मंडळींसोबत अकबर बादशहाला पत्र दिलं होतं. गोव्यात त्यांना जामीन मिळावा म्हणून ज्याने धावपळ केली तो जेझुइट पाद्रीही इंग्रजच होता. त्याचं नाव थॉमस स्टीफन्स. मराठीत ख्रिस्तपुराण रचणारे फादर स्टीफन्स ते हेच. कॅथलिक धर्मगुरू म्हणून प्रोटेस्टंट एलिझाबेथच्या राज्यात त्यांना उघडपणे राहता आलं नसतं, आणि तिच्याच पत्रासह निघालेल्या माणसांना त्यांनी परमुलखात आधार दिला.

हा प्रसंग पहिल्यांदा वाचला तेव्हा मला दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. एका राणीच्या धर्मविषयक निर्णयाची लाट किती दूरवर जाऊन आपटते, हे त्यात दिसतं. 'ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांच्या राजाराण्यांचा अभ्यास आपण कशाला करायचा?' हा प्रश्न तुम्हाला घरी, वर्गात, मुलाखतीत, सगळीकडे विचारला जाईल. माझं उत्तर सरळ आहे. ईस्ट इंडिया कंपनीची सनद ३१ डिसेंबर १६०० रोजी एलिझाबेथच्या दरबारातून निघाली. ती देणारी सत्ता आतून कशी चालत होती, हे समजून घेण्याचा हक्क आपल्यालाही आहे. इतकी वर्षं त्यांनी आपली दप्तरं वाचली, आता त्यांची आपण वाचू.

हा लेख बी. ए. किंवा एम. ए. ला इतिहास घेतलेल्या आणि या वाटेने जाण्याचा गंभीर विचार करणाऱ्यांसाठी आहे.

आधी हद्द आखून घ्या

या क्षेत्रात 'प्रारंभिक आधुनिक' काळ म्हणजे ढोबळमानाने १४८५ ते १७१४. बॉसवर्थच्या लढाईत ट्यूडर घराण्याचा पहिला राजा सातवा हेन्री जिंकला तिथपासून शेवटची स्ट्युअर्ट राणी ॲन हिच्या मृत्यूपर्यंत. काही जण तो १८०० पर्यंत ताणतात, पण दरबाराचा अभ्यास करणाऱ्याने सुरुवातीला या सव्वादोनशे वर्षांतच राहावं.

नवख्यांची पहिली चूक 'ब्रिटिश' या शब्दापाशी होते. पहिली एलिझाबेथ ब्रिटनची राणी नव्हती. ती इंग्लंड आणि आयर्लंडची राणी होती, आणि स्कॉटलंड हे स्वतंत्र राज्य होतं. १६०३ मध्ये ती निपुत्रिक वारली आणि स्कॉटलंडचा सहावा जेम्स इंग्लंडचा पहिला जेम्स झाला. एकाच माणसाच्या डोक्यावर दोन मुकुट, पण संसदा दोन, कायदे दोन, चर्चही दोन. दोन्ही राज्यांचं कायद्याने एकत्रीकरण झालं ते थेट १७०७ मध्ये. आयर्लंड १५४१ पासून कागदोपत्री तिसरं राज्य. म्हणून जेम्सचा मुलगा पहिला चार्ल्स याचं भांडण फक्त लंडनच्या संसदेशी होतं असं लिहिलंत, तर परीक्षक पहिल्या पानावरच पेन्सिल उचलेल. ती आग एडिनबरोत प्रार्थनेच्या पुस्तकावरून आधी लागली होती.

१६४९ ते १६६० ही राजाविना गेलेली अकरा वर्षंही याच अभ्यासात येतात. पहिल्या चार्ल्सचं मुंडकं उडवल्यावर त्याची चित्रं, गालिचे आणि पलंग यांच्या याद्या करून विक्री झाली. राजवाड्यात काय काय होतं, हे सांगणाऱ्या उत्तम कागदांमध्ये या याद्यांचा नंबर वरचा आहे.

राजा निवडू नका, कागद निवडा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

नवा विद्यार्थी येतो आणि म्हणतो, 'मला आठव्या हेन्रीवर काम करायचंय.' आठव्या हेन्रीवर काम करता येत नाही. त्याच्या सहा लग्नांवर कपाटंच्या कपाटं भरली आहेत. काम करता येतं ते एका प्रकारच्या कागदावर, एका ठरावीक प्रश्नाने. राजाच्या खासगी खर्चाच्या वह्या, दरबारातल्या नेमणुका, दौऱ्यांचे मुक्काम, वैद्यांची बिलं, मृत्युपत्रं, परदेशी वकिलांची म्हणजे राजदूतांची पत्रं, असं काहीतरी हातात धरा आणि त्याला विचारा की राजाच्या जवळ कोण होतं, त्या जवळिकीची किंमत काय होती आणि ती कोणी मोजली.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो. एलिझाबेथच्या दरबारात दरवर्षी १ जानेवारीला नजराणे दिले जात आणि त्यांच्या याद्या लांबलचक चर्मपत्रांवर लिहिल्या जात. त्यातल्या बऱ्याच आज उपलब्ध आहेत. एका बाजूला राणीला कोणी काय दिलं, दुसऱ्या बाजूला राणीने परत काय दिलं. नावं हुद्द्याप्रमाणे. उमराव, बिशप, सरदारांच्या बायका, मानकरी, मग गृहस्थ, आणि खाली उतरत थेट स्वयंपाकघरापर्यंत. कोणी नाण्यांची थैली देतं, कोणी भरतकाम केलेली बाही. एका यादीत मुख्य आचाऱ्याने बुद्धिबळाच्या पटाच्या आकाराची बदामाची मिठाई दिल्याची नोंद आहे. राणीकडून परत जाई ते मुख्यतः सोन्याचा मुलामा दिलेलं चांदीचं भांडं, आणि त्याचं वजन औंसात लिहिलेलं असे.

वरवर पाहता ही भेटवस्तूंची यादी. पण दहा वर्षांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवा. कोणाचं नाव एका वर्षी गळलं? कोणाच्या भांड्याचं वजन वाढलं? कोणाची बायको मानकरणींच्या रांगेत वर सरकली? मर्जी बसणं आणि मर्जीतून उतरणं इथे औंसात मोजता येतं. आपल्याकडे पेशवे दफ्तरातल्या पोशाखांच्या आणि बक्षिसांच्या नोंदी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही भाषा लगेच कळेल. प्रश्न असा हवा. लहान, मोजता येणारा, आणि ज्याचं उत्तर मिळाल्यावर राजसत्तेबद्दलची मोठी समजूत थोडी हलेल.

घरबसल्या पहिलं वर्ष

लंडनला जाण्याआधी एक वर्ष पुणे, नाशिक किंवा मडगावात बसून भरपूर काम होतं. 'ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइन' या संकेतस्थळावर सरकारी कागदांची छापील सारसूची आहे. आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीची 'लेटर्स अँड पेपर्स' ही मालिका तिथे वाचता येते. ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्हजची 'डिस्कव्हरी' ही सूची सगळ्यांना खुली आहे. त्यात 'एसपी' या खुणेखाली राजांच्या सचिवांचे कागद आहेत. एसपी १ आठव्या हेन्रीचे, एसपी १२ एलिझाबेथचे, एसपी १४ पहिल्या जेम्सचे, एसपी १६ पहिल्या चार्ल्सचे, एसपी २९ दुसऱ्या चार्ल्सचे. हे आकडे काही महिन्यांत तोंडपाठ होतात, मुद्दाम घोकू नका.

मात्र सारसूची म्हणजे मूळ कागद नव्हे. ती बहुतांशी एकोणिसाव्या शतकातल्या संपादकांनी केली. त्यांना बिनमहत्त्वाचं वाटलं ते त्यांनी दोन ओळींत गुंडाळलं, आणि त्यांना बिनमहत्त्वाचं वाटलेलं बरंच काही आज आपल्याला हवं असतं. बाया, नोकरचाकर, आजारपण, पैशांची किरकोळ रड. सारसूचीवरून कागद कुठे आहे ते शोधा, निष्कर्ष मूळ पाहून काढा. वि. का. राजवाड्यांनी गावोगाव फिरून अस्सल पत्रं गोळा केली ती ज्या कारणासाठी, तेच हे कारण.

अक्षर वाचायला शिका

सोळाव्या शतकातली इंग्रजी कागदपत्रं बहुधा 'सेक्रेटरी' वळणाच्या अक्षरात आहेत. पहिल्या दिवशी एक शब्दही लागत नाही. 'एच'चा पाय ओळीखाली लोंबतो, 'ई' उलटी वळते, 'सी' आजच्या 'आर'सारखी दिसते, 'एस' लांबलचक 'एफ'सारखा उभा राहतो. 'यू' आणि 'व्ही', 'आय' आणि 'जे' यांत भेद ठेवलेला नसतो.

इथे मराठी विद्यार्थी एक पाऊल पुढे असतो, जर त्याने मोडी शिकली असेल. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, शब्द तोडलेले नसतात, संक्षेप असतात आणि लेखकागणिक वळण बदलतं. तरी आपण वाचतो, कारण एकेका अक्षरावर अडून न राहता त्या लेखकाची सवय ओळखायला आपण शिकलेलो असतो. नेमकं तेच कसब इथे लागतं. मोडी येत नसेल तर पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी वर्ग होतात. ते आधी करा असं मी आग्रहाने सांगेन. सेक्रेटरी अक्षरासाठी नॅशनल आर्काइव्हजचा विनामूल्य ऑनलाइन पाठ आहे, १५०० ते १८०० या काळातल्या नमुन्यांसह. रोज अर्धा तास, तीन महिने.

उतरवून घेताना मूळ स्पेलिंग बदलू नका. संक्षेप फोडलात तर फोडलेली अक्षरं चौकटी कंसात टाका. लागलं नाही तिथे प्रश्नचिन्ह द्या. अंदाजाने भरलेला एक शब्द सहा महिन्यांनी तुम्हाला स्वतःलाच खरा वाटू लागतो.

आकडे बहुतेक रोमन. 'चार'च्या डोक्यावर बारीक 'वीस' लिहिलेला दिसला तर ते चोवीस नाहीत, ऐंशी आहेत. गावाकडच्या आजीला 'चार विसा' म्हटलं की जे कळतं, तेच. बारा पेन्सचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. 'मार्क' म्हणजे १३ शिलिंग ४ पेन्स, पौंडाचा दोन तृतीयांश. इंग्लंडात मार्कचं नाणं नव्हतं, तो फक्त हिशेबात असे. रुपये-आणे-पै मांडलेल्या घरातल्या जुन्या वह्या पाहिल्या असतील तर हात लवकर बसतो.

तारखांनी भलेभले फसतात

इंग्लंडात १७५२ पर्यंत जुनं ज्युलियन पंचांग होतं आणि कायदेशीर वर्ष २५ मार्चला बदलत असे. स्कॉटलंडने मात्र १६०० पासून १ जानेवारी धरली. पहिल्या चार्ल्सचा वध आपण ३० जानेवारी १६४९ ला झाला म्हणतो, पण त्या वेळच्या इंग्रजी कागदावर वर्ष १६४८ आहे, आणि त्याच दिवशी पॅरिसमध्ये ९ फेब्रुवारी होती. वरच्या नजराण्यांची गंमत पाहा. 'नववर्षाची भेट' १ जानेवारीला दिली जाई, पण सालाचा आकडा आणखी जवळपास तीन महिने जुनाच राही.

त्यातच कारकिर्दीची वर्षं. 'राणीच्या राज्याचं बारावं वर्ष' अशी नोंद असते, आपल्या राज्याभिषेक शकासारखी. दुसरा चार्ल्स गादीवर आला १६६० मध्ये, पण त्याची वर्षं मोजली जातात बापाच्या वधापासून, म्हणजे १६४९ पासून. त्यामुळे १६६० हेच त्याचं 'बारावं वर्ष'.

हे दूरचं वाटत असेल तर रायगडाकडे पाहा. शिवराज्याभिषेकाची जी ६ जून १६७४ ही तारीख आपण म्हणतो, ती हेन्री ऑक्झिंडनसारख्या तिथे हजर असलेल्या इंग्रजांच्या जुन्या पंचांगातली. आजच्या पंचांगाने तो दिवस १६ जूनचा. शुहूर सन, हिजरी, फसली आणि शक यांचा मेळ घालायची सवय असलेल्या विद्यार्थ्याला हा भाग जड जाऊ नये. माझी पद्धत अशी की टिपणात कागदावरची तारीख जशीच्या तशी लिहायची आणि शेजारच्या वेगळ्या रकान्यात बदललेली. दोन्ही एका रकान्यात कधीच नाही.

भाषा

लॅटिनला पर्याय नाही. इंग्लंडच्या न्यायालयीन आणि कोषागाराच्या अनेक नोंदी १७३३ पर्यंत लॅटिनमध्ये होत्या. संस्कृत व्याकरण शाळेत केलेल्यांना विभक्त्या आणि धातुरूपं घाबरवत नाहीत, हा अनुभव मी अनेकदा पाहिला आहे. नॅशनल आर्काइव्हजचा नवशिक्यांसाठी विनामूल्य लॅटिन पाठही आहे.

दुसरी भाषा प्रश्नावर ठरते. आठव्या हेन्रीच्या घटस्फोटाबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं पुष्कळ यूस्टास शापुई या पवित्र रोमन सम्राटाच्या वकिलाच्या फ्रेंच पत्रांतून आलं आहे. राणी पहिली मेरी आणि एलिझाबेथ यांच्यासाठी स्पेनच्या सिमान्कास इथल्या दप्तराला तोड नाही. व्हेनिसचे वकील बारकाईने लिहीत, म्हणजे इटालियन. हेन्रीने पुढे त्याची दुसरी राणी झालेल्या ॲन बोलीनला लिहिलेली सतरा प्रेमपत्रं तर व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहेत. गोव्यातल्या ज्या विद्यार्थ्यांना पोर्तुगीज येते, त्यांनी दुसऱ्या चार्ल्सची राणी कॅथरीन ऑफ ब्रागांझा आणि तिच्या परिवाराकडे जरूर पाहावं. इंग्रजीतूनच काम करणाऱ्यांना ती अर्धीच दिसते.

प्रवेश आणि पैसा

इंग्लंडात एम. ए. बहुधा एका वर्षाची असते, पूर्णवेळ पीएच. डी. तीन ते चार वर्षांची, प्रबंध ऐंशी हजार ते एक लाख शब्दांचा. विद्यापीठाच्या नावापेक्षा मार्गदर्शक महत्त्वाचा. त्या व्यक्तीचे अलीकडचे दोन-तीन लेख वाचा आणि मग पत्र लिहा. 'आपला फार मोठा चाहता आहे' असली वाक्यं नकोत. पंधरा ओळींत प्रश्न, कोणते कागद, आतापर्यंत काय वाचलं, कोणती अक्षरं आणि भाषा येतात. जमलं तर स्वतः वाचून उतरवलेल्या एखाद्या पानाचा उल्लेख करा. भारतातून आलेल्या अर्जात सेक्रेटरी अक्षर वाचता येतं असं लिहिलेलं क्वचितच असतं, आणि असलं की लक्ष जातं.

पैशाची सोय आधी, प्रवेश नंतर. कॉमनवेल्थ, चीव्हनिंग, फेलिक्स, ऱ्होड्स, गेट्स केंब्रिज, ऑक्सफर्डची क्लॅरेंडन या शिष्यवृत्त्यांच्या अटी दरवर्षी मूळ संकेतस्थळावर वाचा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. जे. एन. टाटा एंडोमेंटकडून मिळतं ते कर्जरूपाने, हे विसरू नका. ब्रिटनच्या संशोधन परिषदांची पीएच. डी. शिष्यवृत्तीही २०२१ पासून परदेशी विद्यार्थ्यांना खुली आहे, जागा मर्यादित. पुष्कळशा मुदती डिसेंबर-जानेवारीत संपतात. म्हणजे तयारी आदल्या गणपतीच्या सुमाराला सुरू व्हायला हवी. घर गहाण टाकून स्वखर्चाने पीएच. डी. करू नका. या विषयातल्या नोकऱ्या ते कर्ज फेडण्याइतक्या खात्रीच्या नाहीत.

दप्तरखान्यातला पहिला दिवस

नॅशनल आर्काइव्हज लंडनच्या क्यू भागात आहे. प्रवेश विनामूल्य, पण मूळ कागद हाताळायला वाचकाचं कार्ड लागतं. ओळखीचा एक आणि पत्त्याचा एक पुरावा न्या. पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो काढता येतात, आणि इथेच सगळे वाहवतात. दिवसाला सहाशे फोटो काढले आणि कोणता कशाचा हे लिहिलं नाही, तर पुण्याला परतल्यावर ते सगळे मुके होतात. प्रत्येक बाडाचा पहिला फोटो त्याच्या खुणेच्या चिठ्ठीचा असू द्या.

ब्रिटिश लायब्ररीतल्या कॉटन संग्रहाच्या खुणा पाहून चक्रावू नका. कॅलिग्युला, निरो, व्हेस्पेशियन. हस्तलिखितं गोळा करणाऱ्या रॉबर्ट कॉटनच्या ग्रंथालयात बहुतेक कपाटांवर एकेका रोमन सम्राटाचा अर्धपुतळा होता आणि कपाटाचं नाव त्यावरून. १७३१ च्या आगीत या संग्रहाचं मोठं नुकसान झालं. काही पानं कडांनी जळून आक्रसली आहेत. ऑक्टोबर २०२३ च्या सायबर हल्ल्यानंतर तिथली डिजिटल हस्तलिखितं दीर्घकाळ बंद पडली होती, म्हणून निघण्याआधी काय उपलब्ध आहे ते विचारून घ्या. एलिझाबेथचे मंत्री सेसिल यांचे कागद हॅटफिल्ड हाउसमध्ये, स्कॉटलंडचे एडिनबरोत. विंडसरच्या शाही दप्तरात ट्यूडर काळाचं फारसं काही मिळणार नाही. तिथला मुख्य साठा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचा आहे.

संध्याकाळी इन्स्टिट्यूट ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चच्या चर्चासत्रांना जा. बरीचशी ऑनलाइनही असतात, म्हणजे कोल्हापुरातूनही ऐकता येतात. सोसायटी फॉर कोर्ट स्टडीज ही १९९५ साली स्थापन झालेली संस्था खास राजदरबारांच्या अभ्यासाची आहे.

पुढे काय

विद्यापीठातली कायमची जागा मिळणं कठीण आहे. ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांनी अलीकडे मानव्यशाखांना कात्री लावली आहे. पीएच. डी. नंतरची चार-पाच वर्षं वर्षा-दोन वर्षांच्या करारांवर जातात, आणि व्हिसा असलेल्या माणसाला हे जास्त बोचतं. म्हणून दुसऱ्या वाटा पहिल्या वर्षापासूनच पाहा. टॉवर ऑफ लंडन आणि हॅम्प्टन कोर्ट सांभाळणाऱ्या हिस्टॉरिक रॉयल पॅलेसेसमध्ये अभिरक्षक असतात. राजघराण्याचा कलासंग्रह, नॅशनल ट्रस्ट, दप्तरखाने, संसदेच्या इतिहासाचा प्रकल्प इथेही इतिहासकार काम करतात. भारतात शिकवायचं तर नेट किंवा सेट देऊन ठेवा.

परकी भाषा, परका देश, आपल्याला कोण विचारणार, असं वाटेल तेव्हा जेफ्री एल्टन आठवा. ट्यूडर राज्यकारभाराच्या अभ्यासाला विसाव्या शतकात सर्वांत मोठा धक्का ज्याने दिला, तो माणूस जर्मनीत जन्मलेला, प्रागमध्ये वाढलेला ज्यू निर्वासित होता. १९३९ साली इंग्लंडात आला तेव्हा त्याचं आडनाव एरेनबर्ग होतं. तो केंब्रिजचा रीजियस म्हणजे राजनियुक्त प्राध्यापक झाला.

आणि परदेश जमलाच नाही तर? मग मुंबई घ्या. १६६१ च्या लग्नकराराने ती दुसऱ्या चार्ल्सला मिळाली, १६६५ मध्ये हम्फ्री कुकने ताबा घेतला, आणि २७ मार्च १६६८ च्या सनदेने राजाने ती वर्षाला १० पौंड खंडावर कंपनीला दिली. त्या सनदेत मुंबई धारण करायची ती 'केंट परगण्यातल्या ईस्ट ग्रीनिचच्या जहागिरीप्रमाणे', असं लिहिलं आहे. ग्रीनिच म्हणजे आठवा हेन्री आणि एलिझाबेथ जिथे जन्मले तो राजवाडा. माहीमच्या वाड्या आणि शिवची मिठागरं कायद्याच्या कागदावर ट्यूडरांच्या अंगणाला का जोडली गेली? राजाच्या वकिलांनी हा मसुदा कोणत्या जुन्या नमुन्यावरून उचलला? सुरत वखारीच्या सतराव्या शतकातल्या नोंदी काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात आहेत. आधार कार्ड, वही आणि पेन्सिल घेऊन निघा.